सह्याद्रीत रानविद्या शिकायची तर आधी भाजी, मग चूल, आणि फास नकोच

रानात तगून राहायला शिकायचंय म्हणून येणाऱ्या पोरापोरींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: काड्यापेटीशिवाय आग कशी पेटवायची? व्हिडिओ बघून आलेले असतात, आणि त्या व्हिडिओतला माणूस बर्फात बसलेला असतो. आपल्याकडे गारठून मरण्यापेक्षा एप्रिलच्या उन्हात पाण्यावाचून आडवं होण्याची भीती कितीतरी मोठी. उन्हाळा चढला की गडांवरची बरीच टाकी तळ गाठतात. उन्हाळ्यात माणशी चार-पाच लिटर पाणी पाठीवर असेल तरच मी वर चढू देते. वाट चुकली तर सावलीत बसून राहायचं, दिसेल त्या घळीतून खाली उतरत सुटायचं नाही. सह्याद्रीतल्या घळी मध्येच सरळ कड्यावर संपतात.

शिकायला सुरुवात जूनमध्ये करावी आणि रानभाज्यांपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. कारण झाडपाला मोसमाबरोबर बदलतो, आणि चुकीला दुसरी संधी नसते. फोनमधल्या ॲपवर विसंबू नका. ठाकर, महादेव कोळी किंवा कातकरी वस्तीवरच्या एखाद्या मावशीबरोबर टोपली घेऊन फिरा. त्यांच्या दिवसभराच्या वेळेचे पैसे द्या. ‘त्यांना आनंदच होतो’ म्हणून फुकट शिकणारे लोक मला आवडत नाहीत.

पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो. त्याची पानं संध्याकाळी मिटतात, ती खूण लक्षात ठेवायला सोपी. कोवळा असतानाच खुडायचा. कुलूची, म्हणजे फोडशीची, पात गवतासारखी दिसते, म्हणून ती आधी जाणत्याच्या हातूनच घ्यावी. शेवळं पानाआधी जमिनीतून वर येतात, पण नुसती शिजवून खाल्ली तर घसा खाजून जीव नकोसा होतो. काकड नावाच्या झाडाची आंबट फळं, नाहीतर चिंच-आमसूल घालतात ते चवीपुरतं नव्हे. कडू करांद्याच्या चकत्या राख घालून उकडतात, मग वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे त्या पोटाला चालतात. हे सगळं कुणीतरी पिढ्यानपिढ्या तपासून ठेवलंय.

याच पावसात कळलावीही फुलते. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल, पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं. फूल नसताना तिचा कंद खाण्याजोगा वाटू शकतो, आणि तो जीवघेणा विषारी असतो. म्हणून नवख्याने पहिली दोन वर्षं जमिनीखालचं काहीही स्वतःच्या भरवशावर खाऊ नये. पानं आणि करवंदं-जांभळं एवढं पुष्कळ झालं.

आता आग. चकमक, गारगोटी आणि सावरीचा कापूस घेऊन ठिणगी धरायला जरूर शिका, मजा येते. पण ते अंगणात किंवा मालकाला विचारून खासगी रानात. राखीव वनात आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे, आणि फेब्रुवारीपासून वाळलेलं गवत एका ठिणगीवर अख्खा डोंगर घेऊन जातं. खरी परीक्षा भर पावसातली चूल पेटवण्याची. जमिनीवर पडलेलं लाकूड सोडा, झाडावरच वाळलेल्या फांद्या मोडा, साल काढा, आतला कोरडा भाग सोलून पातळ कामट्या करा. सॅकमध्ये प्लास्टिकच्या डबीत देवघरातला कापूर ठेवा. तो ओलसर काटक्यांनाही धीर देतो. ज्या कड्याला आग्या मोहोळ लटकलंय, त्याच्या आसपास मात्र चूल लावायची नाही. धूर वर गेला की माश्या खाली येतात, आणि गडाच्या अरुंद वाटेवर पळायला जागा नसते.

निवाऱ्याचं थोडक्यात सांगते. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा ताडपत्रीची पाठ तिकडे. ओढ्याचं पात्र कितीही कोरडं आणि सपाट दिसलं तरी तिथे झोपू नये. परदेशी व्हिडिओत वाळलेल्या पाल्याची जाड गादी करायला सांगतात. दोडामार्ग-सावंतवाडीकडे ती करूच नका. तिथे गोचिडींमधून माकडताप पसरतो आणि कोरड्या महिन्यांत त्याचा जोर असतो. खाली चटई, अंगावर पूर्ण बाह्यांचे कपडे, झोपण्याआधी काखा आणि कंबर तपासणं.

फास आणि सापळे मी शिकवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पकडणं, फास लावणं, आमिष ठेवणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. ‘फक्त सराव करत होतो’ ही सबब तिथे चालत नाही. शिवाय रानडुकरासाठी लावलेल्या वायरच्या फाशात बिबट्याही अडकतो. वाट चुकलेला माणूस साधारण एक-दोन दिवसांत सापडतो, तेवढे दिवस उपाशी राहता येतं. फास ओळखता यावा एवढं मात्र शिका: जनावराच्या वाटेवर वाकवलेली फांदी, तारेचं वेटोळं दिसलं की हात न लावता वनरक्षकाला कळवायचं.

हे शिकवण्याच्या कामावर पोट भरतं का? पहिली काही वर्षं जेमतेम. शाळांची शिबिरं हिवाळ्यात आणि मे महिन्यात, ट्रेकची गर्दी पावसाळ्यात, मधले महिने रिकामे. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा दार्जिलिंगच्या हिमालयीन गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स केलेला असेल तर शिबिरवाले लवकर घेतात. तिथे दोर आणि बर्फ शिकवतात, टाकळा नव्हे, तरी शिस्त अंगी लागते. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र त्याहून आधी मिळवा. आयोजकाकडे काम धरण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा: राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी आहे का, आणि सर्पदंश झाला तर जवळचं कोणतं रुग्णालय प्रतिविष ठेवतं. दुसऱ्याचं उत्तर लगेच आलं नाही तर पगार कितीही सांगितला तरी काम घेऊ नका.