आजारातून उठलेल्या सशाची देखभाल

आजारातून उठलेल्या सशाला औषध वेळेवर द्यावेच, परंतु त्याहून अधिक लक्ष लेंड्यांकडे असावे. कारण आतड्यांची हालचाल मंदावली की त्याची प्रकृती काही तासांतच ढासळते. लेंड्या बारीक झाल्या किंवा केसांत ओवल्यासारख्या दिसल्या, अथवा १० ते १२ तास त्याने काहीच खाल्ले नाही, तर रात्र असली तरी पशुवैद्यांना गाठावे. वाळलेले गवत आणि पाणी सतत जवळ ठेवावे.

सिरिंजने पातळ आहार भरवताना सशाला उताणे धरू नये; पुढच्या दातांमागील मोकळ्या जागेतून, गालाच्या बाजूने थोडाथोडा घालून तो गिळेपर्यंत थांबावे, अन्यथा अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. (पहिले दोन घास बहुधा आपल्याच कपड्यांवर सांडतात.) घरात उरलेले अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) मात्र मुळीच देऊ नये, ते सशाच्या जिवावर बेतू शकते.