अंगणातला आंबा हाताच्या उंचीत ठेवायचा, तर छाटणी आत्ताच

शेवटची आढी घरात पिकत असेल तोवरच कात्री काढा. खानदेशात घराभोवती दहा-बारा फूट जागा असली तरी आंबा होतो. मात्र तो बुटका राहतो तो दरवर्षी वेळेवर केलेल्या छाटणीमुळे. नुसती जात निवडून हे काम होत नाही.

आंबा उतरल्यापासून पंधरा दिवसांत, फार तर जुलैच्या मध्यापर्यंत छाटणी उरकावी. मोहोर येतो तो जुन्या, पक्व झालेल्या काडीच्या शेंड्यावर. जुलैत फुटलेली पालवी थंडी पडेपर्यंत जून होते आणि मोहोरते. तीच छाटणी दिवाळीला केली, तर थंडीत झाड कोवळं राहतं आणि त्या वर्षीचं फळ जातं. आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईत अंगणातलं झाड खरडून काढतात. ते कृपा करून थांबवा.

आधी मधली सरळ वर गेलेली फांदी काढा, म्हणजे आत ऊन शिरेल. मग एकमेकींवर घासणाऱ्या आणि वाळलेल्या काड्या काढा. उरलेल्या फांद्या सात-आठ फुटांवर राखा. नवे फुटवे झुबक्याने येतात. त्यांतले जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे खुडावेत. जाड कापांवर बोर्डो मलम लावा: मोरचूद 100 ग्रॅम, चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर. ते प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात कालवावं, लोखंडी भांडं वापरू नये. छाटणीनंतर लगेच शेणखत घाला.

नवीन लावणार असाल तर आम्रपाली सर्वांत सोयीची. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 1971 मध्ये ती दिली. झाड मुळातच ठेंगणं, दरवर्षी फळणारं, अडीच मीटर अंतरावरही बसणारं. फळ लहान, गर केशरी. पण ती उशिरा पिकते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) रसासाठी तिच्यावर विसंबू नका, आणि पाऊस पडला की फळमाशी येते, म्हणून मेपासूनच फळमाशी पकडणारा ‘रक्षक’ सापळा टांगा. केसर लवकर येतो, चवीला माझी पसंती त्यालाच. पण तो पसरतो, म्हणून त्याची छाटणी एकही वर्ष चुकवून चालत नाही.

कलम शासकीय किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या. धुळ्याचं कृषी महाविद्यालय, जळगाव जिल्ह्यातल्या पाल आणि ममुराबाद इथली कृषी विज्ञान केंद्रं इथे चौकशी करता येईल. दोन ते तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा. काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून झाड थोड्या उंचवट्यावर लावा आणि कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या. जोडाखालून फूट आली की ती लगेच काढा, नाहीतर ती गावठी फूट जोर धरते आणि वरचं कलम मागे पडतं. नवं रोप दोन-अडीच फुटांचं झालं की शेंडा खुडा. तीन-चार फांद्या फुटतात, त्या पक्व झाल्या की त्यांचेही शेंडे खुडा. झाडाचा बांधा इथेच ठरतो. पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला तरी काढून टाकावा.

जागा अशी हवी की सकाळपासून निदान सहा तास ऊन मिळेल आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीची सावली पडेल. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांवर जातो तेव्हा कोवळं रोप करपतं. पहिल्या उन्हाळ्यात तुरीच्या काड्यांचा आडोसा करा, बुंध्याभोवती केळीच्या सुक्या पानांचं आच्छादन पसरा. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत हे आच्छादन नसेल, तर घातलेलं पाणी भेगांतून खाली जातं.

वाढ रोखणारं पॅक्लोब्युट्राझोल घरच्या झाडाला घालू नका. ते जमिनीत फार काळ राहतं आणि शेजारच्या भाजीपाल्याच्या मुळांनाही पोहोचतं.

फळणाऱ्या झाडाचं पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून तोडावं आणि कैरी वाटाण्याएवढी झाली की पुन्हा सुरू करावं. लहान रोपाचं पाणी मात्र कधीच तोडायचं नाही.