‘गेट’ या इंग्रजी क्रियापदावर हात कसा बसवावा

शाळेत ‘गेट’ म्हणजे ‘मिळणे’ एवढंच पाठ होतं. मग ऐरोली-महापेच्या ऑफिसात कोणी ‘आय डिडन्ट गेट यू’ म्हणालं की क्षणभर गोंधळ उडतो. इथे काही मिळायचं राहिलेलं नसतं, तुमचं बोलणं समोरच्याला कळलेलं नसतं. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला आणि रोजच्या बोलण्यात इतका मुरला की त्याचे अर्थ पाठ करून संपत नाहीत. ते पाठ करूही नयेत.

आपल्याकडे ‘लागणे’ आहेच. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागतो, पाऊस पडायला लागतो, ठाण्याहून पनवेलला जायला वेळ लागतो. यांची यादी कोणी घोकत नाही. ‘लागणे’च्या आधी काय आलं त्यावरून अर्थ आपोआप कळतो. ‘गेट’चंही तसंच आहे, फक्त इंग्रजीत क्रियापद आधी येतं, त्यामुळे त्याच्या पुढे काय आलं ते पाहायचं.

पायरी १ : वहीची सहा पानं

एका वहीत सहा पानं काढा. पानाच्या डोक्यावर अर्थ लिहू नका, ‘गेट’पुढे काय येतं ते लिहा.

पहिलं पान नामाचं. ‘आय गॉट द जॉब’ म्हणजे नोकरी लागली, ‘गेट सम मिल्क’ म्हणजे दूध घेऊन ये, ‘शी गॉट द जोक’ म्हणजे तिला विनोद कळला. मिळणे, आणणे, कळणे हे तिन्ही अर्थ इथेच येतात.

दुसरं पान विशेषणाचं. इथे ‘गेट’ म्हणजे होणे, बदलणे. ‘आय वॉज वेट’ म्हणजे मी भिजलेलो होतो. ‘आय गॉट वेट’ म्हणजे मी भिजलो. मात्र बिघडणाऱ्या काही गोष्टींना इंग्रजी ‘गो’ वापरतं: दूध नासलं की ‘इट वेन्ट बॅड’, टक्कल पडलं की ‘ही वेन्ट बॉल्ड’.

तिसरं पान ठिकाणाचं, अर्थ पोहोचणे. ‘गेट टू ठाणे’ बरोबर, पण ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्याआधी ‘टू’ येत नाही. ‘आय गॉट टू होम’ ही फार ऐकू येणारी चूक आहे.

चौथं आणि पाचवं पान सगळ्यात कामाची, कारण आपली चूक तिथे अर्थच बदलते. दुसऱ्याकडून काम करून घेतलं की माणूस आधी आणि मग ‘टू’सह क्रियापद: ‘आय गॉट हिम टू साइन’, म्हणजे त्याला समजावून सही करायला लावली. ‘आय मेड हिम साइन’मध्ये जबरदस्तीची छटा आहे आणि तिथे ‘टू’ नाही. ‘मेक’ची सवय असलेले लोक ‘गेट’मधलाही ‘टू’ गाळतात. काम कोणी केलं हे महत्त्वाचं नसेल, तर वस्तू आधी आणि क्रियापदाचं तिसरं रूप नंतर: ‘आय गॉट माय फोन रिपेअर्ड’. मराठीत आपण ‘मी फोन दुरुस्त केला’ असं सहज म्हणतो आणि दुकानदाराने केला हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत ‘आय रिपेअर्ड माय फोन’ म्हटलं की स्क्रू-ड्रायव्हर तुमच्याच हातात होता असा अर्थ होतो. केस कापणं, कपडे शिवणं, गाडी धुणं या सगळ्यांना हाच साचा.

सहाव्या पानावर ‘गेट’पुढे थेट तिसरं रूप: ‘माय बॅग गॉट स्टोलन’, बॅग चोरीला गेली.

पायरी २ : ‘टू’च्या दोन जोड्या वेगळ्या करा

‘आय गॉट टू मीट हर’ म्हणजे तिला भेटायची संधी मिळाली. ‘आय हॅव गॉट टू मीट हर’ म्हणजे तिला भेटायलाच हवं. ‘हॅव’ भरभर बोलताना ऐकू येत नाही, तेव्हा मागचापुढचा संदर्भ पाहा.

पायरी ३ : चढणं-उतरणं नीट बसवा

ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, म्हणजे लोकल, बस, विमान, तिथे ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. वाकून आत बसावं लागतं अशा रिक्षा-टॅक्सीला ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’. सायकल आणि स्कूटरला पुन्हा ‘ऑन-ऑफ’. ‘गेट डाउन अ‍ॅट वाशी’ ठाण्याच्या फलाटावर सगळ्यांना कळतं. भारताबाहेर मात्र ‘गेट डाउन’ म्हणजे उंचावरून खाली ये किंवा खाली वाक. परदेशी माणसाशी बोलताना ‘गेट ऑफ’च म्हणा.

पायरी ४ : जोडशब्दांना मराठी जोडीदार शोधा

शब्दशः अर्थ लावत बसलात तर इथे हाती काही लागत नाही. ‘गेट बाय’ म्हणजे कसंबसं भागणं. ‘गेट थ्रू’ म्हणजे फोन लागणं, किंवा कठीण काळ निभावून नेणं. ‘गेट अवे विथ’ म्हणजे करून सवरून नामानिराळं राहणं. ‘व्हॉट आर यू गेटिंग अ‍ॅट?’ म्हणजे तुमच्या बोलण्याचा रोख काय? ‘गेट ओव्हर इट’ आणि ‘गेट इट ओव्हर विथ’ यांत शब्दांचा क्रम जपा: पहिल्यात दुःखातून सावरणं आहे, दुसऱ्यात नकोसं काम एकदाचं उरकून टाकणं. ही गल्लत दुखावलेल्या माणसासमोर झाली तर फार वाईट वाटतं.

वाक्प्रचारांत तर आपल्याकडे तोडीस तोड शब्द आहेत. ‘गेट विंड ऑफ’ म्हणजे कुणकुण लागणं, ‘गेट कोल्ड फीट’ म्हणजे ऐनवेळी कच खाणं, ‘गेट ईव्हन’ म्हणजे उट्टं काढणं, ‘गेट द हँग ऑफ’ म्हणजे हात बसणं, ‘गेट द सॅक’ म्हणजे नारळ मिळणं. अशी जोडी लावली की वाक्प्रचार कुठे वापरायचा आणि कुठे नाही, हेही समजतं. साहेबांना लिहिलेल्या पत्रात आपण ‘नारळ’ म्हणणार नाही, मग तिथे ‘सॅक’ही नको.

पायरी ५ : प्रवासात तोंडी सराव

ठाण्याहून वाशीला जाताना वाटेत दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे आणि सानपाडा ही सात स्थानकं लागतात. पहिल्या सहा स्थानकांना एकेक पान घ्या आणि स्वतःच्या त्या दिवसातलं एक वाक्य मनात रचा. सानपाड्याला एक वाक्प्रचार. वाक्य खऱ्या घटनेचं असावं. पुस्तकातलं वाक्य दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

पायरी ६ : लिहिताना हात आखडता घ्या

बोलण्यात ‘गेट’ मोकळेपणाने वापरा. अर्ज, तक्रार किंवा अहवालात त्याच्या जागी ‘रिसीव्ह’, ‘बिकम’, ‘अराइव्ह’ असे नेमके शब्द घाला. पोलिसांकडे द्यायच्या तक्रारीत ‘गॉट स्टोलन’ऐवजी ‘वॉज स्टोलन’. नेहमीच्या ईमेलमध्ये ‘आय विल गेट बॅक टू यू’ चालतं, आणि आपल्या ऑफिसांत रुळलेल्या ‘आय विल रिव्हर्ट’पेक्षा ते चांगलं, कारण भारताबाहेर बहुतेक ठिकाणी ‘रिव्हर्ट’चा अर्थ पूर्वस्थितीला जाणं असाच घेतात. अमेरिकन माणसाच्या लिखाणात ‘गॉटन’ दिसलं तर ती चूक समजू नका. तिकडे ‘मिळालं आहे’ किंवा ‘झालं आहे’ या अर्थी ते तिसरं रूप आहे. आजच्या ब्रिटिश इंग्रजीत तिथे ‘गॉट’च लिहितात. एका मजकुरात दोन्ही पद्धती मिसळू नका.