दोन अंकी भाजकाने भागाकार कसा करावा?

भाग द्या, गुणा, वजा करा, पुढचा अंक खाली घ्या. ही रीत बहुतेकांना पाठ असते. तरीही भाजक दोन अंकी आला की उत्तर चुकतं, कारण अंक खाली घेताना नेमकं काय घडतं ते कुणी सांगितलेलंच नसतं. ते कळलं की रीत विसरली तरी स्वतःची स्वतः जुळवता येते.

७४१५ ला २४ ने भागू. ७४१५ हा भाज्य, २४ हा भाजक. भाजक डावीकडे लिहा आणि भागाकार भाज्याच्या वर मांडा, प्रत्येक अंक आपापल्या स्थानावर. भागाकार उजवीकडे लिहायचीही पद्धत आहे, पण शिकताना तो वरच लिहावा.

सुरुवात डावीकडून. ७ हजारांचे २४ समान भाग केले तर कुणाच्याच वाट्याला पूर्ण हजार येत नाही. म्हणून ते सुटे करायचे: ७० शतक आणि आधीचे ४, एकूण ७४ शतक. चोवीस त्रिक बहात्तर. शतकाच्या जागी, म्हणजे ४ च्या डोक्यावर, ३ लिहा. उरले २ शतक.

आता १ खाली घ्या. २ शतकांचे २० दशक झाले, त्यात हा १ मिळून २१. यात २४ चा भाग जात नाही, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. वर काहीच न लिहिता ५ खाली घेतला की उत्तर ३८ येतं. पण २४ गुणिले ३८ म्हणजे जेमतेम ९१२! कुणाला एकही दशक मिळाला नाही, हे सांगायला तिथे ० लिहावंच लागतं. भागाकार वर मांडला असेल तर १ च्या डोक्यावरची रिकामी जागा लगेच नजरेला येते.

मग ५ खाली घ्या: २१५ एकक. २४ चा पाढा येत नसला तरी अडत नाही, २५ चा धरा. पंचवीस आठे दोनशे, पंचवीस नवे सव्वादोनशे. म्हणजे ८ किंवा ९. नऊ घेतले तर २१६ होतात, एकाने जास्त. आठ घेतले तर १९२, आणि उरतात २३. सात घेतले असते तर ४७ उरले असते. बाकी भाजकाइतकी किंवा त्याहून मोठी राहिली, तर अंदाज कमी पडला असं समजा.

भागाकार ३०८, बाकी २३. ताळा करायला भाजकाला भागाकाराने गुणून बाकी मिळवा: २४ × ३०८ = ७३९२, अधिक २३, बरोबर ७४१५. हा ताळा कधीच टाळू नये. मधलं शून्य राहिलं असेल तर तो ताबडतोब पकडतो.

बाकीचं काय करायचं, ते प्रश्न पाहून ठरवा. ७४१५ वस्तू एका खोक्यात २४ अशा भरल्या तर पूर्ण भरलेली खोकी ३०८, पण सगळ्या वस्तू मावायला ३०९ लागतील. लांबी किंवा वजन असेल तर दशांशचिन्ह देऊन पुढे भागता येतं: ३०८.९५८३३३… इथे एकदा बाकी ८ आली की दर वेळी ८० ला २४ ने भागून पुन्हा ८ च उरतात, म्हणून ३ येतच राहतात.