प्लास्टरमधल्या पायाचं चुळबुळं पोर

पाय मोडला तरी हातांची खुमखुमी तशीच असते, म्हणून हातांना काम द्या. पलंग खिडकीशी ओढा. मोज्यांच्या दहा जोड्यांचे गोळे करून पाच-सहा फुटांवरच्या बादलीत नेम धरायला लावा. जमलं की बादली फूटभर मागे. गोळे उचलायला मात्र मोठ्यांनीच वाकायचं!

मणी, राजमा, वाळू, थर्माकोलचे दाणे पलंगावर नकोत. दाणा प्लास्टरमध्ये घसरला की कातडीला घासून जखम होते, आणि वरून दिसतही नाही. खाज सुटली म्हणून फूटपट्टी किंवा सुई आत घालू देऊ नका. हेअर ड्रायरची थंड हवा पुरते. ठाण्याच्या पावसाळी दमटपणात खाज जास्तच सुटते.

पाय उशांवर उंच असू द्या. बोटं निळी किंवा गार पडली, बधिर झाली, दुखणं वाढत गेलं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांनी परवानगी दिली की संध्याकाळी व्हीलचेअरवरून तलावपाळीची, म्हणजे ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठची फेरी. पायाखाली आधाराची फळी हवीच, लोंबता पाय सुजतो. शनिवार-रविवारची गर्दी टाळा, कुणाचा तरी धक्का लागतोच.