बोट सोडून सिंगापुरात येताय?

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी सेकंड नाहीतर चीफ इंजिनियर बोट सोडून इथे सुपरिंटेंडंट, म्हणजे ऑफिसातून बोटींची देखभाल बघणारा, म्हणून येतो आणि पहिल्याच आठवड्यात मला विचारतो, घर कुठे बघू, शाळा कोणती, पापलेट कुठे मिळतं. सीओसीचं, म्हणजे बोटीवर इंजिनियर म्हणून काम करायला लागणाऱ्या सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सीचं, कोणी विचारत नाही. म्हणून आधी तेच.

सीओसीची मुदत ५ वर्षं. तुम्ही ऑफिसात बसलात म्हणून ती थांबत नाही. रिन्यू करताना मागच्या ५ वर्षांत १२ महिन्यांचा सी-टाइम (बोटीवरची नोकरी) दाखवा, नाहीतर त्या तोडीचं किनाऱ्यावरचं काम आणि कंपनीचं पत्र. मी ‘आता कोण परत बोटीवर जातंय’ म्हणत राहिलो. पत्र घेतलं नाही, रिफ्रेशर कोर्स केले नाहीत, सर्टिफिकेट कपाटातच संपलं. २०१६ च्या मंदीत आमचं निम्मं ऑफिस घरी गेलं, त्यात मी. ईपी (एम्प्लॉयमेंट पास, इथला नोकरीचा परवाना) रद्द झाला की देश सोडायला हातात ३० दिवस. सीओसी जिवंत करायला सुपरन्युमररी, म्हणजे बोटीवरचा जादा माणूस, म्हणून ३ महिने काढले, जवळजवळ फुकटात. एकदा तेल साफ करायचा प्युरिफायर उघडून बसलो होतो, तर बोटीचा चीफ, जो कधीकाळी माझ्या हाताखाली फोर्थ इंजिनियर होता, वाकून म्हणाला, “सर, राहू द्या, मी बघतो.” ते ‘सर’ अजून टोचतं.

तेव्हा मुदतीची तारीख फ्रिजवर चिकटवा. पत्र नोकरी सोडताना नव्हे, दरवर्षी घ्या. कंपनी विकली गेली की सही कोणाची आणणार? बेसिक सेफ्टीचे रिफ्रेशर मुंबईच्या सुट्टीत उरका. सासुरवाडीला दोन दिवस उशिरा गेलात तर कोणी हाकलत नाही. आणि कोणी म्हणालं ‘नंतर बघू’, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

काम तुम्हाला येतंच. बंकरचं, म्हणजे बोटीत इंधन भरण्याचं, तेवढं सांगतो: २०१७ पासून इथे फ्युएल ऑइलला वजन मोजणारा मास फ्लो मीटर सक्तीचा आहे, त्यामुळे तेलात हवा फुंकून, ते फेसाळून जास्त दाखवून ‘कॅपुचिनो’ पाजायचे धंदे आटले. तरी मीटरची सीलं कोणाला तरी स्वतः जाऊन बघायला सांगा.

बोटीवर भारतातला कर वाचवायला देशाबाहेरचे १८४ दिवस मोजायची सवय होती, इथे ती विसरा. पगारातून कर कापत नाहीत, वर्षानंतर एकदम बिल येतं. पहिल्या वर्षी पूर्ण पगार खर्च करून बसलेले तिघे मला माहीत आहेत. त्यातल्या एकाने नवीन गाडी बघायला सुरुवात केली होती, तीही गाड्या सोन्याच्या भावाच्या असलेल्या सिंगापुरात!

घराच्या करारात डिप्लोमॅटिक क्लॉज (नोकरी गेली तर करार मुदतीआधी मोडायची सोय) आहे का बघा, नाहीतर नोकरी गेली तरी भाडं चालू राहतं. बायको नोकरी करणारी असेल तर तिला आधीच सांगा की तुमच्यामुळे मिळणाऱ्या डिपेंडंट पासवर काम करता येत नाही, तिचा स्वतःचा वर्क पास लागतो. हे विमानतळावर उतरल्यावर सांगणाऱ्यांचे संसार मी पाहिलेत.

आपले लोक गणपतीला भरभरून भेटतात, पण कुठे नोकरीची जागा रिकामी आहे ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. त्या मानाने इथली सरकारी खाती बरी. सवलत देणार नाहीत, पण उत्तर वेळेत देतात.

पापलेट टेक्का मार्केटला. सकाळी लवकर जा. कोकम मात्र घरूनच आणा.