बाळ मागे पडतंय असं वाटतंय? या चुका टाळा, आमच्या हातून झालेल्याही

माझा मुलगा ३१ व्या आठवड्यात झाला. वजन १४०० ग्रॅम, पंचवीस दिवस काचेच्या पेटीत. घरी आणल्यावर येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, ‘वजन किती झालं?’ आम्हीही तेच मोजत बसलो. लंगोट बदलताना त्याच्या मांड्या उघडायच्या नाहीत, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जायचे, हे मला रोज दिसत होतं. मालिश करणाऱ्या मावशी म्हणायच्या, ‘पायात ताकद आहे पोराच्या.’ अकराव्या महिन्यात तो बसेना म्हणून मी वॉकर आणला. त्यात तो उभा राहिल्यासारखा दिसायचा, चवड्यांवर ढकलत घरभर फिरायचा, आणि सगळे टाळ्या वाजवायचे. चौदाव्या महिन्यात फिजिओथेरपिस्टताईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, वॉकर आजच बंद करा. चवड्यांवर ढकलायची सवय पक्की होत होती, पोटऱ्या आखडत होत्या आणि बसायला लागणारे पाठीचे-पोटाचे स्नायू वापरलेच जात नव्हते. पुढे निदान झालं, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवरचा ताबा बिघडणं.

आता तो नऊ वर्षांचा आहे, पायाला आधार देणारं स्प्लिंट घालून चालतो, शाळेत जातो. ते चौदा महिने मला अजून टोचतात. मेंदूची जडणघडण पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत वेगाने होते, आणि नेमका तोच काळ आपल्या घरांत ‘बघू थोडे दिवस’ म्हणण्यात जातो.

‘याचे बाबाही उशिराच बोलले’

हे वाक्य ऐकलं नाही असं घर मला अजून भेटलं नाही. बाबा उशिरा बोलले असतील, पण त्यांना बोललेलं समजत होतं का, ते बोट दाखवून मागत होते का, हे कुणाला आठवत नसतं. बोलण्याच्या आधी या गोष्टी पाहायच्या असतात. दीड वर्षाचं मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, ‘चेंडू आण’ म्हटलेलं कळत नसेल, तर ते जिभेखालची तार कापून सुटणारं काम नाही. तारेमुळे काही अक्षरं अडखळतील. समज आणि हावभाव त्यामुळे अडत नाहीत.

ढोबळ खुणा लक्षात ठेवा. दोन महिन्यांपर्यंत तुमच्याकडे पाहून हसणं, चार महिन्यांपर्यंत मान धरणं, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसणं, अठरा महिन्यांपर्यंत चालणं, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडणं. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावरही अशा खुणा चित्रांसह छापलेल्या असतात. लसीची तारीख पाहून आपण ते कार्ड मिटून ठेवतो.

बाळ दिवसांआधी झालं असेल तर जितके आठवडे आधी, तितके वयातून वजा करून या खुणा पाहायच्या. दोन वर्षांपर्यंत हा हिशोब चालतो. लसी मात्र जन्मतारखेनुसारच. आमचा मुलगा नऊ आठवडे आधीचा, म्हणजे अकराव्या महिन्यात तो जेमतेम नऊ महिन्यांचा धरायचा. ‘कमी दिवसांचं आहे, होईल’ यामागे मी लपले. पण वजाबाकी करूनही ते आखडलेले पाय समजावता येत नव्हते.

एक खूण लोक हमखास कौतुकाने सांगतात: ‘आमची डावखुरी आहे बरं का, आत्तापासूनच!’ वर्षाच्या आतलं मूल एकच हात वापरत असेल आणि दुसरा मिटलेला राहत असेल, तर तो हात अशक्त असू शकतो. डावं-उजवं इतक्या लवकर ठरत नसतं.

दोन गोष्टींत एक दिवसही थांबू नका. येत असलेले शब्द किंवा हालचाली मूल विसरू लागलं, ही पहिली. दुसरी म्हणजे झोपेतून उठल्यावर बाळ नमस्कार केल्यासारखं पुन्हापुन्हा, लागोपाठ पुढे झुकतं, हात झटकन उघडतात. याला पोटदुखी समजून गुटी दिली जाते, पण हे झटके असू शकतात. मोबाईलवर चित्रीकरण करा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

ताट वाजवून कान तपासणं

मागून ताट वाजवलं आणि बाळ दचकलं, म्हणजे ऐकू येतं, असं आपण ठरवून टाकतो. ताटाचा दणका ज्याला ऐकू येतो, त्याला ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज ऐकू येत नसतील, असं होऊ शकतं. जन्मानंतर पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र व उपचार सुरू, असं वेळापत्रक जगभर पाळलं जातं. जी बाळं काचेच्या पेटीत राहिली किंवा ज्यांची कावीळ फार वाढली होती, त्यांची ‘बेरा’ ही, कानाची नस आवाज मेंदूकडे नेते का ते पाहणारी तपासणी मागून घ्या. फक्त आतल्या कानाची साधी तपासणी, म्हणजे ओएई, पुरेशी नाही, कारण नसेतला दोष तिच्यातून सुटू शकतो.

डोळ्यांचंही तसंच. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत तपासायला हवा, फारच लहान बाळांचा त्याहूनही आधी. ही वेळ चुकली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. डिस्चार्जच्या कागदावर ते लिहिलेलं असतं, पण बऱ्याचदा इंग्रजीत. डॉक्टरांना थांबवून मराठीत विचारा.

निदानाची किंवा दाखल्याची वाट पाहणं

थेरपी सुरू करायला आजाराचं नाव लागत नाही. मूल बसत नाही, एवढं कारण पुरतं. नाव सहा महिन्यांनी कळेल, कधी वर्षाने. तोवर रिकामं बसायचं नसतं.

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच पालघरमधून सुरू झाला, आणि तरी कितीतरी पालकांना त्याचं नाव ठाऊक नसतं. याचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, आणि शंका वाटलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. बोलताना सगळे त्याला ‘डीईआयसी’ म्हणतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, कान-वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत अशी योजना आहे आणि सेवा मोफत आहे. प्रत्यक्षात काही पदं रिकामी असतात, म्हणून निघण्याआधी फोन करून कोण कोणत्या वारी असतं ते विचारा. पथक येणार त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. ‘तिथे काय सांगतील’ या भीतीने नेमकी तीच मुलं घरी ठेवली जातात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची तर दिवाळीनंतरची भेट चुकतेच. जाताना माता-बाल कार्ड सोबत घ्या आणि कारखान्याजवळच्या अंगणवाडीत नाव घाला, ती सेवा बाहेरून आलेल्यांसाठीही आहे.

अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, वेगळ्या कामासाठी. मुलाला शिक्का बसेल म्हणून आम्ही दोन वर्षं तो काढला नाही. त्या दोन वर्षांत निरामय विमा हातचा गेला. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची ही योजना आहे. संरक्षण १ लाख रुपयांपर्यंत, आणि थेरपीचा खर्चही मर्यादेत मिळतो.

थेरपी ‘तिथे’ होते असं समजणं

सर्वांत महाग चूक हीच. आठवड्यात १६८ तास. त्यातले थेरपीचे फार तर दोन. उरलेल्या वेळात मूल पाय मागे दुमडून बसत असेल, तर ते दोन तास काय पुरणार?

सुरुवातीला मी बाहेरच्या बाकावर बसून राहायची. आत रडणं ऐकू यायचं, मी पदर डोळ्यांना लावायची. एका ताईंनी मला आत ओढलं आणि म्हणाल्या, ‘हात लावा, तुम्हालाच करायचंय हे.’ त्या दिवसापासून खरी थेरपी सुरू झाली. महागडी खुर्ची घ्यावी लागली नाही. घरातला पाट त्याच्या तळव्यांना जमीन लागेल इतका उंच केला, त्यावर बसवून जेवण. मी भाकरी करताना तो भिंतींच्या कोपऱ्यात टेकून बसायचा, समोर पिठाचा गोळा. संध्याकाळी बाबांच्या मांडीवर घोडा-घोडा, दोन्ही बाजूंना पाय सोडून. आखडलेल्या मांड्या हळूहळू सैल व्हायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. मालिश सोडली नाही, पण जोर लावून ओढणं बंद केलं. आखडलेला स्नायू झटक्याने ओढला तर तो आणखी ताणून धरतो.

बोलण्याच्या बाबतीत हीच चूक मोबाईलच्या रूपात येते. ‘सगळ्या इंग्रजी कविता म्हणतो’ असं सांगणारे पालक भेटतात. मी विचारते, तहान लागल्यावर काय म्हणतो? तिथे सगळे गप्प होतात. पाठ म्हणणं म्हणजे संवाद नव्हे. दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. आणि कुणी सांगितलं म्हणून घरात मोडक्यातोडक्या इंग्रजीवर येऊ नका. दोन भाषा ऐकल्याने मूल मागे पडत नाही. आजीची मराठी, मालवणी, अहिराणी, जी तोंडात सहज येते, तीच मुलाशी भरभरून बोला. आपण अडखळत बोललो तर त्याच्या कानावर कमीच शब्द पडतात.

अडलं तर

मूल प्रत्येक वेळी रडून थेरपी अर्धवट राहते? वेळ बदलून पाहा. आमची वेळ त्याच्या झोपेची होती, ती बदलल्यावर निम्मं रडणं गेलं.

तीन महिने झाले, फरक नाही? ‘सुधारणा होतेय का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. ‘पुढच्या महिन्यात हा काय करायला लागेल?’ असं विचारा आणि ते वहीत लिहून घ्या. ‘पाटावर हात न टेकवता दहा मोजेपर्यंत बसेल’ असं नेमकं. नाही जमलं तर ध्येय बदलायचं की पद्धत, यावर बोलता येतं.

गावाहून येण्यात मजुरी बुडते? महिनाभराचा घरचा कार्यक्रम मागा, तुम्ही करतानाचं चित्रीकरण करून पाठवा. बरेच थेरपिस्ट हे आनंदाने करतात.

स्प्लिंट काढल्यावरचा लालसरपणा अर्ध्या तासात गेला नाही, तर ते लहान झालंय किंवा कुठेतरी घासतंय. रेटून घालू नका. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल दोन वर्षांचं होऊनही चालत नसेल तर खुब्याचा एक्स-रे काढायचा का, हे स्वतःहून विचारा. खुबा हळूहळू सरकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही.

आणि स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराच्या जाहिराती. आमच्याकडेही कर्ज काढण्यापर्यंत गोष्ट आली होती. ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सीसाठी हा मान्य उपचार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो फक्त मंजूर संशोधन-चाचणीत देता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखोंचं पॅकेज सांगितलं, तर त्या रकमेत घरी येणाऱ्या थेरपिस्टचे किती महिने बसतात, तेवढा हिशोब करा. आम्ही केला, तीन वर्षं निघाली.